विषय: लहान मुलांना अमेरिकेचा इतिहास – चित्रपुस्तकं सुचवा

नमस्कार मंडळी,

लेक किंडरगार्टनमध्ये आहे. फेब्रुवारी आला की शाळेत ब्लॅक हिस्ट्री मंथ (कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना) आणि प्रेसिडेंट्स डे, आणि घरी प्रश्नांची सरबत्ती. आम्ही दोघं शिवकाल शिकून इथे आलेलो. चित्रपुस्तकांतून सुरुवात कुठून करावी? गुलामगिरीचं इतक्यात सांगावं का?

– गौरी

---

गौरी,

सांग. फक्त सनावळ्यांपासून नको, एका माणसापासून सुरू कर. मी रूबी ब्रिजेस या कृष्णवर्णीय मुलीपासून करते. १४ नोव्हेंबर १९६० ला न्यू ऑर्लीन्सच्या विल्यम फ्रान्ट्झ शाळेत ती पहिलीत गेली. वय सहा. तोवर तिथे फक्त गोरी मुलं. सोबत फेडरल मार्शल (केंद्र सरकारचे पोलीस), फाटकाबाहेर ओरडणारा जमाव. वर्षभर वर्गात ती आणि बॉस्टनहून आलेल्या हेन्री बाई, दोघीच. मुलं लगेच विचारतात, "मग ती खेळायची कोणाशी?" तिथून पुढचं सगळं सांगता येतं.

चित्रकार नॉर्मन रॉकवेलने काढलेलं तिचं जे चित्र १९६४ मध्ये छापून आलं, तेही दाखव आणि आधी गप्प बस. मार्शलांची डोकी चौकटीबाहेर गेलीत, कारण नजर मुलीच्या उंचीवरची आहे. मागे भिंतीवर फुटलेला टोमॅटो. भिंतीवर एक घाणेरडी शिवीही आहे. वाचता येणारं मूल ती विचारणारच, उत्तर तयार ठेव.

पुस्तक निवडताना मजकुराच्या आधी चेहरे बघ. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा गुलाम स्वयंपाकी हर्क्युलिस हसत-खेळत केक करतोय असं दाखवणारं एक चित्रपुस्तक २०१६ च्या जानेवारीत प्रकाशकाला मागे घ्यावं लागलं. खरा हर्क्युलिस १७९७ मध्ये वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या मळ्यावरून पळून गेला होता, तोही वॉशिंग्टनच्या वाढदिवशी! पाच वर्षांचं मूल अक्षरं नाही वाचत, हसू वाचतं. म्हणून अशी गोड पुस्तकं मला फार खटकतात.

– मेधा

---

मेधाताईंशी सहमत. एक भर घालतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. आणि १९६५ चा इमिग्रेशन कायदा नागरी हक्क चळवळीच्याच लाटेत झाला. आपल्यापैकी बहुतेकांची घरं त्याच्यामुळे इथे उभी राहिली. म्हणजे हा इतिहास आपल्या मुलांचाही आहे. मराठी शाळेत मोठ्या वर्गाला मी फुल्यांचं ते अर्पणपत्र वाचायला देतो. गौरी, तुझ्या लेकीला सध्या रूबी पुरे.

– श्रीकांतकाका