मदत हवी आहे: एफ ७ फिल्टर मागवला, ५५ टक्केवाला आला. ठेवू की परत पाठवू?

उद्यमबाग_मेंटेनन्स
फिल्टर बदलायचेत. आजवर एफ ७ लावत आलो. या वेळी जो माल आला त्याच्या लेबलवर एफ ७ कुठंच नाही, नुसतं 'आयएसओ ईपीएम १ – ५५ टक्के'. जुन्या डेटाशीटवर ८० ते ९० टक्के होतं. मालक म्हणतात, ८५ चे पैसे घेऊन ५५ चा माल गळ्यात मारला. सप्लायर म्हणतो माल तोच, फक्त नाव बदललंय. खरं कोण? सोमवारी ऑडिट आहे, लवकर सांगा. लेक्चर नको.

कॅम्पातला_बुलेटवाला
गाडी कुठली, साल कुठलं? मी तेल लावलेला फोमचा बसवलाय, पिकअप बघायला ये एकदा. पण आंबोलीच्या पावसात तो काढून ठेवतो, कंपनीचाच लावतो.

उद्यमबाग_मेंटेनन्स
गाडी नव्हे हो. एएचयूचा, म्हणजे खोलीत गाळलेली हवा सोडणाऱ्या यंत्राचा फिल्टर.

टिळकवाडी_तिसरं_गेट
एएचयू कसला? ऑफिसचा, ओटीचा, पेंट बूथचा? आकार काय? पॉकेट की पॅनेल? आधी प्री-फिल्टर आहे की नाही? काहीच सांगिना झालास आणि नुसतं सोमवार सोमवार करुलास.

उद्यमबाग_मेंटेनन्स
सीएमएम रूम (सुट्या भागांची मापं घेणाऱ्या मशीनची खोली) आणि व्हॉल्व्ह असेंब्ली. पॉकेट, २४ बाय २४ इंच. आधी जी ४ आहे, जाड धुळीचा प्री-फिल्टर. शेजारी फौंड्री.

टिळकवाडी_तिसरं_गेट
उद्यमबागेत शेजारी फौंड्री आहे हे वेगळं सांगायला हवं होय?

अनगोळकर_काका
एवढा विचार कशाला? सरळ हेपा एच १३ टाका, अगदी बारीक कण अडवणारा. ९९.९५ टक्के. मालकही खूश, ऑडिटरही खूश. माझ्या मुलाने पुण्यात घरी हेपावाला प्युरिफायर घेतलाय, नातवाचा खोकला गेला.

शिरोलीचा_एचव्हीएसी
काका, घरचा प्युरिफायर वेगळा आणि एएचयू वेगळा. साधा पॉकेट फिल्टर नवा असताना शंभरच्या आसपास पास्कल खातो, हेपा सुरुवातीलाच अडीचशेच्या घरात जातो. ब्लोअर तेवढ्या दाबाचा नसेल तर हवा निम्म्यावर येईल आणि सीएमएम रूमचं तापमान हलायला लागेल. शिवाय त्याला फ्रेम आणि गास्केट वेगळी लागते. एच १३, एच १४ हे ईएन १८२२ या हेपाच्या वेगळ्या मानकातले वर्ग, त्यांचा या धाग्याशी संबंध नाही.

आता मूळ प्रश्न. लेक्चर नको म्हणालास, पण एवढं वाचावंच लागेल. एफ ७ ही ईएन ७७९ या जुन्या युरोपीय मानकाची भाषा. डिसेंबर २०१६ मध्ये आयएसओ १६८९० हे नवं मानक आलं आणि २०१८ च्या मध्यापासून ईएन ७७९ मागे घेतलं. दोन्हींत मोजायची रीतच वेगळी आहे. जुन्या रीतीत ०.४ मायक्रॉनचे कण धरायचे, फिल्टरवर धूळ चढवत चढवत ४५० पास्कलपर्यंत न्यायचं आणि वाटेतल्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढायची. धूळ बसली की फिल्टर जास्त अडवतो, म्हणून सरासरी फुगायची. तुझे ८०-९० ते हेच. ईएन ७७९ च्याच २०१२ च्या आवृत्तीत एफ ७ साठी किमान कार्यक्षमतेची अट फक्त ३५ टक्के होती, ती कुणी वाचत नव्हतं.

नव्या रीतीत ०.३ ते १० मायक्रॉनपर्यंत मोजतात. एकदा कोऱ्या फिल्टरवर, मग २४ तास आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाफेत ठेवून पुन्हा. त्या दोन आकड्यांची सरासरी लेबलवर येते. धुळीची मदत नाही. त्यामुळे बहुतेक एफ ७ ईपीएम १ मध्ये, म्हणजे १ मायक्रॉनपर्यंतचे कण अडवण्यात, ५० ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान पडतात. काही तर तिथंही पोचत नाहीत, ईपीएम २.५ मध्ये जातात. सप्लायर बरोबर आहे, अर्थात माल खरंच ५५ चा असेल तर.

हुबळी_रिटर्न
हे सगळं युरोपचं. आम्ही ॲशरे ५२.२ या अमेरिकी मानकाने चालतो. त्यातला मर्व्ह १३ वर्ग माग, विषय संपला.

शिरोलीचा_एचव्हीएसी
विषय कुठं संपला? मर्व्ह आणि ईपीएम यांचं नेमकं रूपांतर होत नाही, चाचणीच वेगळी. तक्ते फिरतात नेटवर, ते अंदाजापुरते. ऑडिटवाल्याने आयएसओ मागितलं असेल तर मर्व्हचा कागद दाखवून काय होणार?

हुबळी_रिटर्न
आणि ते अल्कोहोलचं नाटक कशाला? बेळगावात कोण एएचयूला अल्कोहोल पाजतंय?

टिळकवाडी_तिसरं_गेट
शनिवारी संध्याकाळी कॉलेज रोडला ये, दाखवतो 😄

शिरोलीचा_एचव्हीएसी
नाटक नाही. सिंथेटिक पॉकेटच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो, तो बारीक कण ओढतो. काही आठवड्यांत धूर, तेलाचं धुकं यांनी तो भार मरतो. वाफ दिल्यावर जे उरतं ते धाग्याचं स्वतःचं काम. उद्यमबाग, तुझ्या शेजारी फौंड्रीचा धूर, आत मशीनचं तेल, तिथं हाच आकडा कामाचा. ग्लास फायबरला याने फारसा फरक पडत नाही.

खानापूरकर
आमच्याकडे जुलैत प्री-फिल्टरच कुबट मारतो, त्याचं बोला. कितीही टक्क्यांचा असो, ओला राहिला की बुरशी.

उद्यमबाग_मेंटेनन्स
खानापूरकर, नंतर. @शिरोली, चेकलिस्ट आत्ता नीट बघितली. 'किमान आयएसओ ईपीएम १ ५० टक्के' लिहिलंय. मग?

शिरोलीचा_एचव्हीएसी
अरे बाबा, हे पहिल्या पोस्टमध्ये टाकायचं की! मग ५५ पास. जुन्या स्टॉकचा एफ ७ आला असता तर त्याचा वर्ग दाखवायला तुझ्याकडे कागदच नसता. लेबलवरचा आकडा ५ च्या पटीत खाली उतरवून छापतात, म्हणजे चाचणीत ५५ किंवा वर, पण ६० च्या आत आलेला असणार. आणि ईपीएम १ म्हणवून घ्यायला वाफेनंतरची किमान कार्यक्षमताही ५० लागते, तेही यातच आलं.

नुसत्या स्टिकरवर जाऊ नकोस. टेस्ट रिपोर्ट मागव. त्यात तीन गोष्टी बघ: किमान आकडा, सुरुवातीचा दाब, आणि चाचणी किती हवेवर झाली. ५९२ बाय ५९२ मिमीला (तोच तुझा २४ बाय २४) बहुधा ताशी ३४०० घनमीटर असतं. तुझा एएचयू दर फिल्टरमागे त्याहून जास्त ढकलत असेल तर दाबाचा आकडा तुला लागू नाही.

अनगोळकर_काका
हेपाचा खर्च जास्त वाटत असेल तर एच १३ ऐवजी एच १४ बघा.

हुबळी_रिटर्न
काका, एच १४ त्याहून महाग 🙏

उद्यमबाग_मेंटेनन्स
रिपोर्ट मागवला. आणि फिल्टरवरचा दाब दाखवणाऱ्या मॅनोमीटरवर मालकांनी ४५० पास्कलला लाल खूण केलीय, ती राहू दे?

शिरोलीचा_एचव्हीएसी
पुसायला सांग. ४५० जुन्या चाचणीचा शेवट होता. नव्या चाचणीत बारीक फिल्टरला ३०० धरतात. तुझा बदलायचा आकडा मात्र दोन्हींवरून ठरत नाही, ब्लोअरची कुवत आणि वीजबिल बघून ठरतो. २५० च्या आसपास बदलणारे बरेच आहेत.

टिळकवाडी_तिसरं_गेट
मी तर पावसाळ्यानंतर डोळे झाकून बदलतो, मॅनोमीटर बघतच नाही.

शिरोलीचा_एचव्हीएसी
मग मॅनोमीटर बसवला कशाला?

टिळकवाडी_तिसरं_गेट
ऑडिटसाठी.

चंदगड_काजू
आमच्या युनिटात काजू सोलताना टरफलांचा भुगा उडतो, त्यालाही ईपीएम १ चालेल का? पंखा तीन एचपीचा आहे.

शिरोलीचा_एचव्हीएसी
त्याला आधी सायक्लोन लागेल, हवा गरगर फिरवून भुगा वेगळा करणारा. वेगळा धागा काढा, भुगा किती निघतो आणि डक्ट केवढी आहे ते लिहून.