दारी हत्ती झुलवण्याआधी : जुनी ग्रँड टूरर पाहतानाचे अनुभव

साधी सेकंडहँड गाडी घेताना फसलो तर माणूस महिनाभर हळहळतो आणि विसरून जातो. ग्रँड टूररचं, म्हणजे लांबच्या प्रवासासाठी बनवलेल्या वेगवान, आलिशान गाडीचं, तसं नाही. दहा-पंधरा वर्षांत गाडीचा भाव पार उतरतो, पण पार्टचे भाव उतरत नाहीत. हत्ती स्वस्तात मिळतो, चारा मात्र पूर्ण भावाने घालावा लागतो.

माझ्या डोक्यात सध्या पहिल्या पिढीतली बेंटली कॉन्टिनेंटल जीटी घोळतेय. २००३ पासून निघालेली, सहा लिटरचं डब्ल्यू-१२ (बारा सिलिंडरचं) इंजिन, दोन टर्बो आणि जवळपास २.४ टन वजन. रविवारी पाहायला जायचंय. ज्यांनी अशा गाड्या घेतल्या, विकल्या, उघडल्या किंवा नुसत्या पाहून हात हलवत परत आले, त्या सगळ्यांनी या धाग्यावर लिहा. तपासणीच्या याद्या नकोत, त्या पायलीला पन्नास मिळतात. तुम्ही प्रत्यक्ष काय पाहिलंत आणि काय पाहायचं राहिलं, तेवढं सांगा. गाडी कुठलीही चालेल.

*

मी फोनवरच एक अट घालते : मी येईपर्यंत गाडीला सेल्फ मारायचा नाही. आणि गेल्यावर नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत बोनेटवर हात ठेवते.

एका आठ सिलिंडरच्या (व्ही-८) कूपेच्या, म्हणजे दोन दारी गाडीच्या वेळी बोनेट चांगलंच गरम लागलं. "धुवायला बाहेर काढली होती," मालक म्हणाले. चाकाखालची फरशी कोरडी ठणठणीत. मी वाद घातला नाही, उद्या सकाळी सहाला येते म्हटलं. "एवढं काय बघायचंय त्यात?" असं ते पुटपुटले, पण नाही म्हणू शकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गार इंजिनला सेल्फ मारला आणि पहिले दोन-तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. मग एकदम शांत. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या टायमिंग चेनला ताणून धरतो तो टेन्शनर, त्यातलं ऑइल रात्रभरात उतरतं. टेन्शनर थकला असेल तर ऑइलचा दाब येईपर्यंत चेन सैल वाजते. गरम इंजिनात यातलं काही ऐकू येत नाही. आदल्या दिवशीची 'धुलाई' कशासाठी होती ते कळलं.

मग पंधरा मिनिटं गाडी आयडलवर (इंजिन चालू, गाडी उभी) तशीच ठेवली, गप्पा मारल्या आणि अचानक ऍक्सिलरेटर दाबायला सांगितला. मागे निळा ढग. व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल आत झिरपतं, आयडलवर साठतं आणि रेस केली की जळतं. बीएमडब्ल्यूच्या जुन्या सहा सीरिजमध्ये बसणाऱ्या एन-६२ या व्ही-८ची ही जगजाहीर खोड आहे, म्हणून तिथे तर ही परीक्षा घ्यायचीच. पण इतर कुठल्याही व्ही-८ला लावून पाहायला हरकत नाही. गप्पा मारायला काय लागतं.

*

माझी चूक सांगतो. पंधरा वर्षांची बारा सिलिंडरची गाडी, मीटरवर १९,००० किलोमीटर. मी हुरळलो. मीटर मागे केलेला नव्हता, आकडा शंभर टक्के खरा होता. तोच घात झाला.

गाडी चालली नव्हती म्हणजे उभी होती. टायरची नक्षी नव्यासारखी खोल, म्हणून मी पुढे सरकलो. घरी आणल्यावर एका फिटरने विचारलं, "तारीख बघितलीत का?" टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या गाडीला ते आतल्या बाजूने होते, त्यामुळे टॉर्च घेऊन जमिनीवर आडवं व्हावं लागलं. ३१०९. म्हणजे २००९ सालचा एकतिसावा आठवडा. तीन चाकं त्याच वर्षाची, चौथं दोन वर्षांनी नवं. डोळ्याजवळ टॉर्च धरल्यावर रबरावर केसासारख्या बारीक भेगांची जाळी दिसली. अशा टायरवर मी दोनशेच्या पुढे जाऊ शकणारी गाडी घेऊन घरी आलो होतो.

पुढे एकेक निघत गेलं. कूलंटचे होज दाबले तर आतून कडक, बोटांना करकर लागायची. डिस्कवर पॅड जिथे चिकटून बसला होता तिथे गंजाचा पट्टा, त्यामुळे ब्रेक लावला की पेडल पायाखाली थरथरायचं. पेट्रोल शिळं. पहिल्या वर्षात गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा गॅरेजमध्ये गेला आणि त्यात शोभेचं एकही काम नव्हतं. सगळं रबर, सगळी ऑइलं.

चेनऐवजी टायमिंग बेल्ट असलेल्या गाड्यांना तर हे दुप्पट लागू. पोर्शे ९२८ असो की फेरारी ४५६, बेल्ट किलोमीटरवर तसाच वर्षांवरही बदलायचा असतो. 'चाललीच नाही हो' हे त्यावर उत्तर होत नाही.

*

वरच्या दादांच्या उलट माझं. १,४०,००० किलोमीटर झालेली घेतली, सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण बरोबर दोन फायली आल्या. मी एक अख्खी संध्याकाळ बिलं तारखेप्रमाणे लावण्यात घालवली. प्रत्येक बिलावर मीटरचा आकडा असतो. तो चढत जातोय का, मध्ये कुठे दोन वर्षांचं भगदाड आहे का, हे आपोआप दिसतं. सर्व्हिस बुकातल्या शिक्क्याने एवढंच कळतं की कोणीतरी शिक्का मारला. बिलावर पार्टचा नंबर असतो.

शिवाय बिलांवरून मालक कळतो. आधीच्या बाईंनी डाव्या आरशाची किरकिर घालवायला तीनदा गाडी नेली होती. मी तिथेच ठरवलं.

*

पेंटिंगवाला आहे, म्हणून पत्र्याबद्दल बोलतो. लोहचुंबक फिरवून लांबी (रंगाखाली खड्डे बुजवायची पुट्टी) शोधायची जुनी युक्ती या गाड्यांवर पुष्कळदा चालत नाही, कारण पत्रा लोखंडी नसतोच. ऍस्टन मार्टिन डीबी९ (२००४ पासूनची) घ्या किंवा २००६ नंतरची जॅग्वार एक्सके : सांगाडा ऍल्युमिनियमचा, गोंद आणि रिव्हेटने जोडलेला. चुंबक पडतं खाली आणि लोक म्हणतात, बापरे, सगळी लांबीच भरलीय!

ऍल्युमिनियमवर चालणारा जाडी मोजायचा मीटर आणा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, थोडं इकडे-तिकडे. एका दारावर ३०० दिसले तर पुन्हा रंगवलंय, हजाराच्या पुढे गेलं तर खाली लांबी आहे. नुसत्या रंगाने घाबरू नका. एवढ्या लांब दाराच्या गाडीला पार्किंगमध्ये ओरखडे पडणारच. मी बघतो ते बोल्ट. फेंडर आणि बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग कोपऱ्यावर उडालेला असेल तर पाना लागलाय. मग का लागला ते विचारायचं.

दुसरं म्हणजे फुगे. ऍल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण स्टीलचा स्क्रू किंवा बिजागरी जिथे टेकते तिथे ओलाव्याने ऍल्युमिनियम खायला लागतं आणि रंगाखाली मुगाएवढे फुगे येतात. दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा, डोळ्याआधी बोटाला कळतं. ते वरवर घासून रंगवलं तर वर्षा-दोन वर्षांत पुन्हा वर येतं, आणि शिव्या आम्हाला बसतात.

*

गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून पाहिला तर एकही फॉल्ट नाही. म्हणजे चांगलंच ना?

*

^ नाही. फॉल्टचे कोड पुसलेले असू शकतात. स्कॅनरमध्ये 'रेडिनेस' बघा. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा शून्यावर येतात आणि त्या पूर्ण व्हायला काही दिवस नीट चालवावी लागते. फॉल्ट शून्य आणि निम्म्या चाचण्या अपूर्ण, तर पाटी नुकतीच पुसली आहे. मालकाला सरळ विचारा. बॅटरी काढली होती हे उत्तर खरंही असतं.

आणि बॅटरीवरून आठवलं. धागाकर्त्यांच्या बेंटलीला डिकीत दोन बॅटऱ्या असतात. या जातीच्या गाड्या बॅटरी अशक्त झाली की भलत्याच गोष्टींची बोंब मारतात : सस्पेन्शन, गिअर, हँडब्रेक. आधी व्होल्टेज बघायचं, मग घाबरायचं.

*

गिअरबॉक्स. विक्रेत्याने छाती फुगवून सांगितलं, "याचं ऑइल लाइफटाइम आहे, कधी बदलावंच लागत नाही." कोणाचं लाइफ, ते नाही सांगितलं. झेडएफ या जर्मन कंपनीचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक बऱ्याच ग्रँड टूररमध्ये सापडतो, आणि खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलायला सांगते. मी पाहिलेली गाडी गार असताना लोण्यासारखी, अर्ध्या तासाने सिग्नलला थांबताना मात्र मागून कोणी ढकलल्यासारखा हलका झटका. दहा मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह असती तर कळलंही नसतं. गाडी पूर्ण तापू द्या, मग हळूहळू थांबवून पाहा.

*

छत उघडणारी होती. मॅट उचललं, खालचा गालिचा कोरडा. वर हात फिरवून मी उठणारच होतो, पण वास येत होता. बंद पेटीतल्या जुन्या गोधडीचा असतो ना, तसा. मग तळहात जोरात दाबून धरला. गालिच्याखालचा फोम स्पंजासारखा पिळला गेला आणि बोटांच्या फटीतून पाणी वर आलं.

छताच्या आणि काचेखालच्या पन्हळींमधून पाणी जायला बारीक नळ्या असतात. त्या पानांनी तुंबल्या की पाणी आत वळतं. यात गालिच्याचं दुःख नाही. फोमखाली वायरिंगचे जोड आणि काही गाड्यांत कंट्रोल मॉड्यूलही असतात. ते हिरवे पडले की इलेक्ट्रिकल कामाला अंत नाही. मी परत फिरलो. मालकाला खरंच माहीत नव्हतं, त्यांचा चेहरा अजून आठवतो.

*

हवेचं किंवा हायड्रॉलिक सस्पेन्शन असेल तर शिवणकामाची टेप न्या. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही कोपरे मोजा, लिहून ठेवा, आणि रात्र उलटल्यावर पुन्हा मोजा. एखादा कोपरा बसला असेल तर गळती आहे. चालू गाडीत कंप्रेसर ते झाकून नेतो आणि झाकता झाकता स्वतः जळतो.

मर्सिडीजच्या १९९९ नंतरच्या सीएलमध्ये एबीसी (ऍक्टिव्ह बॉडी कंट्रोल) नावाचं जे सस्पेन्शन आहे ते हवेचं नाही, तेलाच्या दाबावर चालतं. लोक दोन्हींत गल्लत करतात. तिथे गाडीखाली हिरवट तेलाचा ओघळ शोधायचा.

*

एकच. ज्या कामाचा पार्ट स्वस्त ते काम स्वस्त, असं धरू नका. वर डीबी९चा विषय निघालाय, तिच्यात प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या बारा इग्निशन कॉइल, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायला इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा संच) उतरवावा लागतो. म्हणजे एका कॉइलने दगा दिला तरी बाराच्या बारा आणि प्लग बदलणंच शहाणपणाचं, पुन्हा कोण उघडणार? खरा खर्च तिथवर पोहोचण्याचा. म्हणून आयडलवर हलकीशी मिसिंग (इंजिन मध्येच अडखळणं) जाणवली तर 'प्लग टाकले की झालं' हे मनावर घेऊ नका. आणि कार्बन सिरॅमिक ब्रेक असतील तर जाडी मोजून भागत नाही. डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं, ती काढून तराजूवर ठेवावी लागते.

*

मी विकणाऱ्याच्या बाजूने लिहितो. माझी जॅग्वार एक्सके८ होती. पाहायला सात जण आले. सहा जणांनी चामड्याचा वास घेतला, लाकडावरून हात फिरवला, भाव पाडला.

सातवा मुलगा पंचविशीतला. त्याने पहिलं विचारलं, "काका, टेन्शनर धातूचे घातलेत का?" या गाडीच्या सुरुवातीच्या व्ही-८मध्ये, म्हणजे १९९६ पासूनच्या काही वर्षांत, दुय्यम चेनचे टेन्शनर प्लास्टिकचे होते. ते तडकतात आणि चेन उडाली तर इंजिन गेलं. मी बिल काढून दिलं. मग त्याने सिलिंडरच्या निकॅसिल अस्तराचं विचारलं. जास्त गंधक असलेल्या पेट्रोलने ते झिजायचं, पुढे ओतीव लोखंडी लायनर आले. मी म्हटलं, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) काढून बघ, गॅरेज तुझं, माझी ना नाही. त्याने आठही सिलिंडर तपासले. सगळे जवळपास सारखे आले, आणि सारखे असणं हेच बघायचं असतं.

भावात त्याने फारशी घासाघीस केली नाही. खरं सांगू, बाकीच्यांनी त्याच्यापेक्षा थोडे जास्त देऊ केले असते तरी मी त्यालाच दिली असती.

*

धागाकर्ता. आत्ताच परत आलो.

बोनेट गार होतं. (ताई, नमस्कार-चमत्काराच्या आधीच हात ठेवला. मालक हसले.) गार स्टार्ट स्वच्छ, पंधरा मिनिटांच्या आयडलनंतरही धूर नाही. टायर मागचे दोन २०२१चे, पुढचे दोन २०१६चे, म्हणजे पुढचे बदलायचेच. गालिचे चारही ठिकाणी दाबले, कोरडे. बिलं आहेत, पण मध्ये अडीच वर्षं काहीच नाही. त्या काळात परदेशी होतो म्हणाले. मीटरही त्या दोन बिलांमध्ये जेमतेम ४०० किलोमीटर पुढे गेलाय, त्यामुळे पटण्यासारखं आहे. त्यातून उभ्या गाडीचे प्रश्न निघतील ते वेगळे. रेडिनेसच्या सगळ्या चाचण्या पूर्ण.

बुधवारी लिफ्टवर घ्यायला हो म्हणालेत. चारही कोपरे टेपने मोजलेत, चिठ्ठी पाकिटात आहे. उद्या सकाळी सातला पुन्हा जातोय, रात्रभर गाडीला हात लावणार नाही असं कबूल करून घेतलंय. तरी मागच्या डाव्या टायरच्या तळाशी, फरशीवर, खडूची एक बारीक रेघ मारून आलोय.