आईच्या हाडांसाठी सिनबायोटिकच्या पुड्या : मदत हवी आहे (नागपूर)

नमस्कार मंडळी,

आई ६६ वर्षांची आहे. नुकताच धंतोलीत डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केला, कमरेच्या मणक्याचा टी-स्कोर (निरोगी तरुण हाडांशी तुलना) उणे २.८ आला. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. डॉक्टरांनी कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि आठवड्यातून एकदा अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी दिली आहे. ती उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची, मग अर्धा तास चहा नाही, आडवं होणं नाही. त्या दिवशी आईच्या छातीत जळजळतं, म्हणून ती वैतागली आहे.

त्यात मावशीने सिनबायोटिकच्या (आतड्याला चांगले जिवाणू आणि त्यांचं खाद्य एकत्र) पुड्या आणून दिल्या. "आतडं सुधारलं की हाडं सुधारतात, ती गोळी सोड," म्हणाली. आईला पटलंय, मला नाही.

थोडं वाचलं. स्वीडनमध्ये ७५ ते ८० वर्षांच्या ९० बायकांना लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी ६४७५ हा जिवाणू किंवा जिवाणू नसलेली दिखाऊ पावडर वर्षभर दिली होती. २०१८ सालचा अभ्यास. जिवाणू घेणाऱ्यांच्या नडगीच्या हाडाची झीज कमी झाली. झीज कमी झाली, हाड भरून आलं नाही! पुढे रजोनिवृत्ती नुकतीच झालेल्या बायकांना हाच जिवाणू दोन वर्षं दिला, तर काहीच फरक दिसला नाही (२०२४). अ‍ॅलेंड्रोनेटने मात्र मणक्याचे आणि खुब्याचे फ्रॅक्चर कमी होतात हे मोठ्या चाचण्यांत दिसलंय. पुडी तिची जागा कशी घेणार?

पुडीवर जिवाणूंची नुसती नावं आहेत, नेमका वाण सांगणारा पुढचा क्रमांक (वरच्या ६४७५ सारखा) नाही. सोबत एफओएस, म्हणजे त्या जिवाणूंचं खाद्य. खाली बारीक अक्षरात "२५ अंशांखाली ठेवा". आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि पुड्या मावशीच्या पिशवीत एसटीने आल्यात. त्यातले जिवाणू जिवंत तरी असतील का?

कोणाच्या डॉक्टरांनी हाडांच्या औषधासोबत प्रोबायोटिक (असे चांगले जिवाणू) दिलंय का? जळजळीमुळे गोळीऐवजी वर्षातून एकदाचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन घेतलेलं कोणी आहे का, नंतर ताप, अंगदुखी कितपत झाली? मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेज) किंवा मिहानच्या एम्सला दुसरं मत घ्यायचं तर अस्थिरोग विभागात जावं की एंडोक्राइनकडे (हार्मोन्सचा विभाग)?

आईची पुढची गोळी रविवारी आहे. ती घेणार नाही म्हणतेय. घरच्या वडीलधाऱ्यांना कोणी न दुखावता समजावलं असेल तर काय सांगितलं, तेही लिहा.