गच्चीवर मिरची लावायची आहे, कुठली लावू? (बेळगाव)

वडगावची_सून
नमस्कार मंडळी. वडगावात घर आहे, गच्चीवर बारा इंची आठ कुंड्या रिकाम्या पडल्यात. मे संपत आलाय, मिरगाच्या आसपास मिरची लावावी म्हणते. घरात पाच माणसं. सासऱ्यांना तिखट सोसत नाही आणि नवऱ्याला तिखटाशिवाय घास उतरत नाही. रोजच्या भाजीपुरती हिरवी हवी, चटणीला थोडी लाल झाली तर आनंदच. खत-माती धरून पाचशेच्या वर एक रुपया जाणार नाही. जात कुठली घेऊ? बी घेऊ की रोपं?

हुक्केरी_एक्सप्रेस
संकेश्वरी जवारी, म्हणजे गावरान. विषय संपला. बोटापेक्षा लांब, शिडशिडीत, वाळली की केशरी झाक मारते. आमच्या घरात तिच्याशिवाय दुसरी चटणी डंकावर जात नाही.

गडहिंग्लजचा_भाऊ
पिकवायची आम्ही आणि नाव संकेश्वरचं! गडहिंग्लजच्या बाजारात येऊन बघा जवारी कशी असते आणि दर काय असतो ते.

हुक्केरी_एक्सप्रेस
भाऊ, संकेश्वर हुक्केरी तालुक्यात. मिरचीचं नाव काय ठेवायचं ते आम्हाला विचारून ठेवलंय.

संचालक
सीमाप्रश्न या धाग्यावर आणू नका. मिरचीवर बोला.

टिळकवाडी_काकू
ब्याडगी डब्बी लाव ग. रंग असा की आमटीत अर्धा चमचा पुरे, आणि तिखट बेताची, म्हणजे सासऱ्यांची सोय झाली. 2011 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालंय, उगीच नाही. तेवढं वरती शेडनेट घाल आणि ठिबकची नळी फिरव. माझ्या मुलानं टायमरवालं ठिबक बसवून दिलंय, मी पुण्याला नातवाकडं महिनाभर जाऊन आले तरी झाडं टवटवीत. सगळं मिळून सहा-सात हजारात होतं.

वडगावची_सून
काकू, पाचशे. 🙏

टिळकवाडी_काकू
अग एकदाच करायचं असतं.

राणेबेन्नूर_रिटर्न
डब्बी आणि कड्डी यात गल्लत नको. डब्बी आखूड, फुगीर, रंग गडद. कड्डी लांब, बारीक. धारवाड जिल्ह्यातली खरी डब्बी आता मिळणं मुश्कील.

शहापूर_४२०
ब्याडगी हावेरी जिल्ह्यात. 1997 ला जिल्हा वेगळा झाला.

राणेबेन्नूर_रिटर्न
मी तिकडं होतो तेव्हा धारवाडच होतं. मिरचीला काय जिल्हा कळतोय व्हय.

कडोलीचा_रयत
वहिनी, मी मिरची करतो म्हणून सांगालोय. संकेश्वरी काय, ब्याडगी काय, दोन्ही झाडावर लाल करून वाळवायच्या मिरच्या. काळं रान, मधला पाऊस आणि पिकताना कोरडं ऊन, हे सगळं जमलं तर रंग येतो. बेळगावात जून ते सप्टेंबर आभाळ फाटलेलं. त्यात कुंडीतली मिरची लाल होईस्तोवर झाडावर ठेवली तर सडते नाहीतर ठिपके पडतात. वाळवायला ऊन तरी कुठाय?
हिशोब पण बघा. चार किलो ओली लाल मिरची वाळवली तर किलोभर सुकी मिळते. आठ कुंड्यांत वर्षाची चटणी व्हायची नाही, फोडणीपुरती होईल. चटणीची मिरची रविवार पेठेत घ्या, गच्चीवर हिरवी करा. पुसा ज्वाला लावा. झाड बुटकं, मिरची लांब, पोपटी, जरा सुरकुतलेली. तोडत राहिलं की येत राहते. एका कुंडीत एकच झाड. दोन लावली तर दोन्ही उपाशी राहतात.

हुक्केरी_एक्सप्रेस
ज्वालाला चव नाही.

खानापूर_जंगल
मिरची कसली घेऊन बसलाय, काळी मिरी लावा! आमच्या आंब्यावर पन्नीयूर जातीचा मिरीचा वेल चढलाय, घरचं पुरून पाहुण्यांना वाटतो. कुंडीत पण होते. वेलाच्या आडव्या फुटलेल्या फांदीचं कलम केलं तर वेल न वाढता झुडूप होतं. सावलीत ठेवायची. औषध नाही, फवारणी नाही.

वडगावची_सून
गच्चीवर सावली नाही दादा. आणि हिरव्या मिरचीच्या जागी भाजीत मिरी घातली तर घरात भांडण होईल.

निपाणकर
जात कुठली पण लावा, पानं मुरडणारच. आमच्याकडं तंबाखू रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी मारतात. फुकटचं औषध. आजोबांपासून करालोय.

अनगोळ_गच्ची
निपाणकर, तंबाखूचं पाणी मिरचीवर नको. मिरची, तंबाखू, टोमॅटो, वांगी सगळी एकाच कुळातली. तंबाखूच्या पानात मोझॅकचा विषाणू असू शकतो आणि तो मिरचीला लागतो. तंबाखू मळलेल्या हातानं रोपं लावली तरी लागतो. आमच्या मालकांना मी हात साबणानं धुतल्याशिवाय गच्चीवर येऊ देत नाही.
पानं मुरडली की आधी उलटी करून बघायची. कडा वर वळून होडीसारखी झाली असतील तर बहुतेक फुलकिडे. खाली वळली असतील तर कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड. संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली निमतेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून पानाच्या पाठीमागनं फवारायचं. पान आखडून बारीक झालं, झाड खुंटलं, पांढरी माशी उडते, असं असेल तर उपटून टाकायचं. जीव लावून बसलात तर बाकीची सात पण जातात.

निपाणकर
आमची कधी गेली नाहीत.

शहापूर_४२०
शिमला मिरची शेजारी लावू नका. परागकण मिसळून शिमला तिखट होते. आमच्या शेजाऱ्यांची झालेली, मुलगी रडली खाऊन.

अनगोळ_गच्ची
परागकण मिसळले तरी त्या वर्षीचं फळ बदलत नाही, फळ आईच्या झाडाचंच. बदल दिसतो तो त्या फळातलं बी पुढं लावल्यावर. शेजाऱ्यांना रोपच भलतं मिळालं असणार. मला पण एका नर्सरीनं ज्वाला म्हणून दिलेली रोपं उभट मिरचीची निघाली.

शहापूर_४२०
तुमचं पुस्तकातलं ज्ञान. मी खाल्लेली सांगालोय.

मच्छे_मेकॅनिक
माझं मत संकेश्वरी. वर कुणीतरी सांगितलंच आहे.

हिंडलग्याची_मावशी
लवंगी लाव बाळा. एकच झाड. एवढीशी मिरची, खरं एक ठेचली की पातेलंभर पिठलं होतं. नवऱ्याला ती दे आणि सासऱ्यांच्या भाजीत घालूच नको. दोघांना एकच मिरची आवडेल असं झाड अजून कुणी काढलं नाही. आणि सासऱ्यांसाठी मिरची चिरलीस तर बिया झटकून भागत नाही, आतली पांढरी शीर काढायची. तिखट तिच्यातच असतं, बियांना नुसतं लागलेलं असतं.

टिळकवाडी_काकू
शेडनेट घातलंस तर फूलगळ पण कमी होईल.

कडोलीचा_रयत
काकू, फूलगळ एप्रिल-मे च्या तापात होते, नाहीतर पाण्याची ओढ बसली की. आता पावसाळा तोंडावर आहे, तिला उलटी अडचण येणार, पाणी साचायची. वहिनी, कुंडीची भोकं मोकळी करा, तळाला विटांचे तुकडे घाला, कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा. माती एक वाटा, शेणखत एक वाटा, वाळू किंवा कोकोपीट एक वाटा. बी टाकलं तर लावायजोगं रोप व्हायला पाच-सहा आठवडे जातात, म्हणजे भर पावसात लावणी. त्यापेक्षा रोपं आणा. रोप दोन-चार रुपयाला येतं. धीर असेल तर ऑगस्टच्या शेवटी बी टाका, ऑक्टोबरात लावा, थंडीत मिरची अशी लागते की शेजारी वाटत बसाल.

हुक्केरी_एक्सप्रेस
आणि ती संकेश्वरीची लावा.

पीरनवाडी_पाटील
आठवड्याला दहा-वीस रुपयाची मिरची लागते. कुंडी, माती, खत, फवारणी, वर पाण्याची बादली जिन्यानं चढवायची. बाजारातनं आणा की.

वडगावची_सून
सगळ्यांचे आभार. काल बाजारातनं रोपं आणली. भज्जीची मिरची घेतली, ती जाड, पोपटी. सहा झाडं तिची. पावसाळ्यात आमच्या घरात हिरव्या मिरचीपेक्षा भजी जास्त लागतात, आणि सासरे ती शीर काढून खातात, मावशी म्हणाल्या तशीच. सातव्या कुंडीत लवंगी. आठवी रिकामी ठेवलीय, ऑगस्टात बघू. कुंड्या विटांवर ठेवल्यात. शेणखत माहेरचं फुकट आलं, एकूण खर्च एकशे नव्वद.

हुक्केरी_एक्सप्रेस
भज्जीची??

कडोलीचा_रयत
ती मिरची जड असते वहिनी, फांद्या मोडतील. काठीचा आधार आत्ताच द्या, मागनं काठी खोचली तर मुळं तुटतात.

गडहिंग्लजचा_भाऊ
एवढं सगळं वाचून शेवटी भजी. बेळगावकर ते बेळगावकरच.

सांबरा_सनी
सगळे धागे वाचायला वेळ नाही. गच्चीवर आठ-दहा कुंड्या आहेत, ब्याडगीचं बी कुठं मिळेल?