विमानाच्या इंजिनाचा सिलिंडर नवा घ्यावा की ओव्हरहॉल केलेला? मदत हवी आहे, घाई आहे

हँगर_नागपूर:
तीन नंबरचं कॉम्प्रेशन ५२ आलं. बाकी तिन्ही सत्तरीच्या वर. उद्या ऑर्डर द्यायची आहे, आणि साहेब म्हणतात ओव्हरहॉल केलेला स्वस्तात मिळते तर नवा काहून? अनुभव असणाऱ्यांनीच लिहा. विमान उभं आहे, पोरांचे तास बुडून राहिले.

वऱ्हाडी_फिटर:
इंजिन कोणतं? किती तास झाले? टेस्ट गरम इंजिनवर केली की थंड? भाऊ, आम्ही कुंडली नाही पाहत.

हँगर_नागपूर:
सेसना १५२, म्हणजे लायकमिंग ओ-२३५च ना. ओव्हरहॉलनंतर १६४० तास. ८० पीएसआयची हवा सोडून टेस्ट, गरमच केली. आता सांगा, नवा की जुना?

बुलेटराजा:
माझ्या बुलेटचा सिलिंडर बोर करून घेतला, नवीन पिस्टन-रिंग टाकली, मक्खन चालते. विमानवाले उगाच भाव खातात.

वऱ्हाडी_फिटर:
बुलेट बंद पडली की वर्धा रोडच्या कडेला लावता येते, राजे.

नवाच_घ्या:
नवाच घ्या. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, बॅरल स्टीलचं. हेड तापवून आट्यांवर कायमचं बसवलेलं असतं. ओव्हरहॉलमध्ये व्हॉल्व्ह, गाइड, सीट नवीन येतात, पण हेडनं आजवर किती ताप सोसला ते कोणी लिहून देत नाही. एक्झॉस्ट पोर्टपासून प्लगच्या भोकाकडे निघालेली चीर मी नखानं चाचपली आहे. तेव्हापासून ओव्हरहॉलचं नाव नको.

जुना_एएमई:
यांचं दर धाग्यावर हेच. अहो, आपलाच सिलिंडर पाठवा, आपलाच परत घ्या, सिरियल नंबर जुळवून. त्याचा इतिहास तुमच्या लॉगबुकात आहे. एक्स्चेंजमध्ये, म्हणजे आपला देऊन दुसऱ्याचा घेतला तर, मात्र कुणाचं पाप कुणाच्या माथी येईल सांगता येत नाही.
पण मुळात काढायचा कशाला? हवा कुठून जाते ते ऐकलं का? सायलेन्सरला कान लावा, तिथे फुस्स आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. तेलाच्या नळीतून आलं तर रिंगा. आणि ओ-२३५ चे टॅपेट हायड्रॉलिक नाहीत, व्हॉल्व्हचा गॅप हातानं लावावा लागतो. गॅप संपला असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसणारच नाही. आधी फीलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पातळ पट्टी, घाला.

नवाच_घ्या:
गेज घालून चीर बुजत नाही.

मिहानवाला:
मिहानमध्ये एवढा मोठा एमआरओ, म्हणजे विमानदुरुस्तीचा कारखाना आहे, तिथे का विचारत नाही?

वऱ्हाडी_फिटर:
तिथे बोइंग येतात दादा. चार सिलिंडरवाल्याला गेटवरूनच नमस्कार.

हँगर_नागपूर:
सकाळी केलं सगळं. आवाज सायलेन्सरमधूनच. गॅप बरोबर होता. रॉकरवर रबरी हातोडीनं टिचक्या मारून सीटवरचा कार्बन झाडायचा प्रयत्न केला, ५२ चे ५४ झाले. बोरोस्कोपमध्ये (आत घालायचा कॅमेरा) एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कडा एका बाजूनं फिकट हिरवट दिसते, बाकी तांबूस. म्हणजे जळलाच ना? फिन्सवर नारिंगी पट्टी आहे, नागपूरचा म्हणून असंल 😄

जुना_एएमई:
जळायला लागला आहे, सिलिंडर काढावाच लागेल. नारिंगी म्हणजे क्रोम बॅरल, आतून क्रोमचा मुलामा दिलेलं. त्यात क्रोम रिंगा चालत नाहीत, ओव्हरहॉलवाल्याकडून रिंगांचा पार्ट नंबर लेखी घ्या. सोबत सीए फॉर्म १ किंवा ८१३०-३, म्हणजे पार्ट विमानाला लावण्यायोग्य असल्याचा दाखला, नसेल तर कितीही स्वस्त असला तरी हात लावू नका. क्रोममध्ये रिंगा बसायला वेळ लागतो, तेल प्यायला लागला म्हणून घाबरू नका.

नवाच_घ्या:
नागपूरच्या मे महिन्यात क्रोमचं ब्रेक-इन, म्हणजे नव्या रिंगा घासून बसवणं! साधं मिनरल तेल टाका, जमिनीवर भट्टी पेटवत बसू नका. पहाटे सहाला उडवा, पॉवर पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि सीएचटीवर (सिलिंडर हेडचं तापमान) नजर. नाहीतर बॅरलला काचेसारखा थर चढतो, मग रिंगा बसतच नाहीत.

बुलेटराजा:
अ‍ॅव्हगॅस, ते विमानाचं पेट्रोल, पंपावर मिळते का?

हँगर_नागपूर:
नाही. ठरलं, आपलाच ओव्हरहॉलला पाठवतो, साहेबही खूश. दुपारीच काढून ठेवला, उद्या पॅक करू.

जुना_एएमई:
काढला? थ्रू-बोल्ट, म्हणजे सिलिंडर धरून इंजिनातून आरपार जाणारे बोल्ट, सैल झाले म्हणजे मेन बेअरिंगवरची पकडही गेली. त्या जागी ते बोल्ट कसून ठेवणाऱ्या टॉर्क प्लेट लावल्या ना? मधे प्रॉपेलर कोणी फिरवला नाही ना?

हँगर_नागपूर:
प्लेट नव्हत्या. पोरानं थोडा फिरवला, पिस्टन वर आणायला. काहून?