मदत हवी आहे : नववी-दहावीच्या पोरांना तत्त्वज्ञान कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माध्यमिक शाळेवर आहे. शनिवारी एक तास मोकळा मिळतो, त्यात तत्त्वज्ञानाचे मोठे प्रश्न घ्यायला सुरुवात केली आहे.

'मिलिंदपञ्ह' या बौद्ध ग्रंथात मिलिंद राजा आणि नागसेन भिक्खू यांच्या संवादात रथाचा दाखला आहे, तो मी बंडी (बैलगाडी) करून सांगितला. चाक म्हणजे बंडी नाही, आस नाही, जू नाही, मग बंडी कोणती? आणि एकेक भाग बदलत सगळीच नवी झाली तर? एक पोरगा म्हणाला, "मालक तोच हाये ना सर, मंग बंडी बी तेच!" यावर वर्ग असा भांडला की घंटा ऐकू आली नाही.

लोकांना प्रश्न विचारत फिरणारा ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिस मात्र वर्गात पडला. इ.स.पू. ३९९, अथेन्स, विष वगैरे सांगितलं, पोरांनी निमूट वहीत उतरवलं. गाडगेबाबा कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे, ती रीत जास्त चालेल असं वाटतं.

आता देव आणि नशीब हे विषय पुढे येणारच. देव-परलोक न मानणारा चार्वाकही घ्यायचा आहे. पालक न बिथरता हे कसं हाताळता? आणि या वयाला झेपेल असं मराठीत काही आहे का? पीडीएफपेक्षा छापील बरं, कापूस वेचणीच्या दिवसांत गैरहजर पोरांना घरी देता येतं.