जुन्या घराचं बेसमेंट इन्सुलेट करायचंय, फायबरग्लास चालेल का?

एडिसनकर: मंडळी, न्यू जर्सीतलं जुनं लाकडी घर, बेसमेंटच्या भिंती उघड्या काँक्रीट ब्लॉकच्या. जानेवारीत वरच्या किचनची फरशी एवढी गार पडते की आई डबल मोजे घालून पोळ्या लाटते. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय भिंतीला फ्रेम ठोकून फायबरग्लास (काचतंतूंची गादी) भरू, वरून प्लॅस्टिक आणि ड्रायवॉल (जिप्समचे तयार बोर्ड). उन्हाळ्यात कोपऱ्यात कुबट वास येतो. करू का?

मीनल_ताई: अजिबात नको! घरातली दमट हवा फायबरग्लासमधून आरपार जाते, मागच्या गार भिंतीवर तिचं पाणी होतं आणि मग बुरशी, प्लॅस्टिकमुळे ते वाळतही नाही. आधी बाहेरचं बघा, गटर तुंबलंय का, पाणी पायापासून लांब पडतंय का, मातीचा उतार घराकडे तर नाही ना. भिंत कोरडी झाली की थेट फोम बोर्ड चिकटवा, २ इंची एक्सपीएस (कडक फोमचा एक प्रकार) म्हणजे साधारण आर-१० (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, जास्त तितकं चांगलं), सांधे टेप करा, मग ड्रायवॉल. फोम उघडा ठेवू नका, आगीचा धोका असतो.

जुनंघर: ताईंशी सहमत, पण फरशी गार म्हणजे मला रिम जॉइस्टचा संशय येतो, भिंतीच्या डोक्यावर लाकडी तुळया टेकतात ना, तिथे. वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती धरून बघा, धूर हलला तर तिथूनच वारा येतोय. फोमचे तुकडे बसवून कडा स्प्रे फोमने बंद करा. आणि भिंती झाकायच्या आधी रेडॉनची (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सर्गी वायू) टेस्ट कराच, लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या वर आलं तर रेडॉन कमी करायचं काम पहिलं.

एडिसनकर: उदबत्ती आत्ताच लावली, खिडकीवरच्या कोपऱ्यात धूर सरळ आडवा झाला! कॉन्ट्रॅक्टरला थांबवतो, शनिवारी गटर.